झाकणावरची अक्षरं

(माळ्यावरून भांडी उतरताहेत. आधी फक्त त्यांचा आवाज. मग निवेदन.)

पितळ फरशीला टेकलं की असं घणघणतं. पुण्यातल्या नारायण पेठेत, आत्याच्या वाड्यात, बऱ्याच वर्षांनी माळ्याला शिडी लागली आहे. घंगाळ आलं, दोन कळशा आल्या, चकल्यांचा सोऱ्या, फिरकीचा तांब्या, पुरणयंत्र. आणि आता येताहेत ते एकात एक बसणारे पाच डबे. आत्या खालून सांगते आहे, "झाकणं वेगळी करू नका रे, मग जुळत नाहीत."

(मोठ्या डब्याचं झाकण, अगदी जवळून.)

हे झाकण नीट बघा. टिंबाटिंबांनी काढलेली अक्षरं आहेत. त्या काळी भांडं विकत घेतलं की दुकानातच नाव घालून मिळायचं. नाव घालणारा बारीक छिन्नी धरायचा आणि हातोडीने टकटक करत एकेक टिंब उठवायचा. एका वेलांटीला आठ-दहा ठोके तरी लागत असतील.

'अधिक श्रावण, शके १८८८.' शकात ७८ मिळवा, १९६६ साल येतं. आत्याच्या लग्नानंतरचा तो पहिला अधिक महिना. आजोबांनी जावयाला वाण दिलं: ३३ अनारसे, दिवा आणि हा डबा. खाली आजोबांचं नाव होतं. चिंचेने आणि राखेने घासून घासून त्यातला 'ग' तेवढा उरला आहे.

बाकीची भांडीही अशीच बोलतात. या कळशीवर मुंजीची तिथी आहे. या तांब्यावर 'डोहाळजेवणाप्रीत्यर्थ' असं आहे, आणि जागा संपल्यामुळे शेवटचं अक्षर खालच्या ओळीत गेलं आहे. घरात कुणी तारखांची वही ठेवली नव्हती. त्या सगळ्या इथे आहेत, भांड्यांच्या गळ्यांवर.

(कोपऱ्यातली बरणी.)

लोणच्याची सोय मात्र वेगळी. वर तपकिरी, खाली पांढरट अशी ही चिनी मातीची बरणी. मिठाचा आणि आंबटाचा तिच्या झिलईवर काही परिणाम होत नाही. तोंडाला स्वच्छ फडक्याचा दादरा बांधला की कैरीचं लोणचं वर्षभर राहायचं. तेच पितळेत ठेवलं असतं तर कळकलं असतं. ताक, आमटी, चिंचेचं सार, आंबट म्हणून जे काही असेल ते तांब्यापितळेला लागलं की हिरवट होतं, जिभेला धातूची चव येते. म्हणून कल्हई.

(अंगण. भट्टी पेटते.)

कल्हईवाले काका सकाळी आठला आले. जमिनीत हातभर खड्डा, त्यात कोळसे, बाजूला हाताने फिरवायचा पंखा. पूर्वी इथे चामड्याचा भाता असे. आधी पातेलं आतून घासून घ्यायचं. मोठ्या भांड्यात तर वाळू आणि चिंध्या टाकून माणूसच उभा राहायचा, भिंतीचा आधार घेऊन कमरेतून गिरक्या घेत तळ घासायचा. आमच्या पातेल्यात पाय मावत नाही, म्हणून काकांनी हातानेच घासलं.

आता पातेलं निखाऱ्यांवर. सांडशीने धरून ते फिरवत राहायचं, कारण एका बाजूला जास्त तापून चालत नाही. किती तापलं हे काका रंगावरून ओळखतात, हात लावायची गरज पडत नाही. मग चिमूटभर नवसागर. हा पांढरा धूर बघा. नवसागर तापला की धातूवरचा काळा थर सुटतो आणि आतलं पितळ उघडं पडतं. त्याच क्षणी कथलाची कांडी टेकवायची. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळतं, पितळाला वितळायला त्याच्या कितीतरी पट उष्णता लागते. म्हणून भांडं शाबूत राहतं आणि कथील पाण्यासारखं पळतं. कापसाच्या बोळ्याने ते गोल गोल पुसत न्यायचं.

(इथे निवेदन थांबेल. बोळा फिरतो. पिवळ्याचं चांदीसारखं होत जातं. पातेलं पाण्यात. छस्स.)

आत्याने पातेल्यात डोकावून पाहिलं. तो प्रसंग आम्ही तसाच ठेवला आहे.

(कसबा पेठ. हातोड्यांचा ठेका.)

या भांड्यांचं माहेर इथून फार लांब नाही. कसबा पेठेतली तांबट आळी. त्वष्टा कासार समाजाची ही वस्ती पेशवाईपासूनची. गल्लीत शिरण्याआधीच ठोके ऐकू येतात. कारागीर जमिनीवर बसला आहे, घागर लोखंडी खुंटीवर आहे आणि हातोडा ओळीत पडतो आहे. दोन ठोक्यांमधलं अंतर मोजून पाहा, कुठेही चुकत नाही. याला मठारकाम म्हणतात. ही नक्षी केवळ शोभेची नाही. मऊ तांबं ठोकून ठोकून कडक होतं, म्हणून भरलेली घागर कमरेवर दबत नाही.

दि. गं. केळकरांनी गावोगाव फिरून अशाच वस्तू गोळा केल्या. लहान वयात गेलेल्या मुलाच्या नावाने उभ्या राहिलेल्या पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आज २० हजारांहून अधिक वस्तू आहेत. त्यांत स्वयंपाकघरातली भांडी आहेत, अडकित्ते आहेत, दिवे आहेत. ज्यांना घरचा माळा उरलेला नाही, त्यांनी तिथे जरूर जावं, आणि मुलांना घेऊन जावं.

स्टील आलं तेव्हा घराघरांतून पितळ मोडीत गेलं, किलोच्या भावाने, नावांसकट. आळीत आता मोजकेच हात हे काम करतात आणि कल्हईवाल्यांची तर वाट पाहावी लागते.

(वाडा. संध्याकाळ.)

पाचही डबे चिंचेने घासून उन्हात वाळवले. मोठ्यात तांदूळ जायचे आहेत. आत्या तळाशी कडुनिंबाचा वाळलेला पाला घालते आहे, किडीसाठी. तांदूळ भरून झाले, पण झाकण बसेना. आम्ही जोर लावू लागलो तशी तिने आम्हाला बाजूला केलं. डब्याच्या काठावर एक बारीकशी खूण आहे, नखाएवढी. तशीच एक झाकणावर, शकाच्या आकड्यांखाली. तिला चष्मा लागला नाही. अंगठ्याने तिने दोन्ही खुणा चाचपल्या, समोरासमोर आणल्या आणि तळव्याने हलकेच दाबलं.

(झाकण बसल्याचा आवाज. काळा पडदा.)