दोन बटणं होती

(सोऱ्यातून पडणारी चकली. मागे डब्याला टेकून उभा फोन.)

बडोद्याचा दांडिया बाजार. सकाळचे आठ वाजलेत आणि काकूंचा दुसरा घाणा उतरतोय. गुजराती गिऱ्हाइकं त्यांना मासी म्हणतात. ही बोटं पाहा, भाजणीच्या पिठानं माखलेली. कोरडी आहे ती फक्त करंगळी. ती स्क्रीनसाठी.

(दोन फोन शेजारी शेजारी.)

उजवीकडचा फोन शेजारच्या वहिनींचा. उधारीच्या हिशेबाचं ॲप दोघींचं एकच. वहिनींच्या फोनवर खाली दोन बटणं दिसतात: लाल ‘दिले’, हिरवं ‘मिळाले’. काकूंकडेही गेल्या महिन्यापर्यंत हीच होती. रात्री फोन चार्जिंगला लावला, सकाळी दोन्ही गायब. त्यांच्या जागी एकच गोल, त्यात अधिकचं चिन्ह. ते दाबून रक्कम टाकायची. दिले की मिळाले, हे वर बारीक अक्षरांत, आणि ‘मिळाले’ आधीच निवडलेलं. कुणी निवडलं? काकूंनी तर नाही.

नवं रूप सगळ्यांना एकदम देत नाहीत. आधी थोड्या फोनांवर सोडतात, आकडे बघतात, मग पुढच्यांना. त्या थोड्यांत आपला नंबर लागलाय, हे कुणी कळवत नाही. जुनं रूप परत हवं म्हटलं, तर प्ले स्टोअरवर ते मिळत नाही.

(रावपुरा. झेरॉक्सच्या दुकानातला जुना संगणक.)

हे काकूंच्या भाच्याचं दुकान. या डब्यावर अजून विंडोज ८.१ चालतं. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं, तेव्हा कोपऱ्यातलं स्टार्टचं बटण काढून टाकलं होतं. जगभर ओरड झाली. वर्षभरानं ८.१ मध्ये बटण परत आलं. दाबून बघा. मेनू नाही, रंगीत चौकटींचा अख्खा पडदा! लोकांनी मेनू मागितला होता, हाती आलं बटण. मेनू यायला विंडोज १० आणि २०१५ साल उजाडावं लागलं.

(भाच्याची बोटं, कीबोर्ड.)

काकूंची तक्रार त्यानंच टाइप केली. प्ले स्टोअर लिहिणाऱ्याला ५०० अक्षरं देतं, कंपनीच्या उत्तराला ३५०. काकूंचं बोलणं ५०० त कसं मावणार? करंगळीचा भाग कापावा लागला. दोन मिनिटांत उत्तर आलं: गैरसोयीबद्दल दिलगिरी, कृपया ॲप अपडेट करावं.

मधल्या दिवसांत तिघांची उधारी वसूल म्हणून चढली, एका जुन्या गिऱ्हाइकाशी वाजलं.

(वही.)

आता ही वही. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. पेन्सिल दोऱ्यानं बांधलेली.

(गॅलरी. वहिनी हातात फोन घेऊन उभ्या.)

मंगळवारी वहिनींचीही दोन बटणं गेली.