खालच्या चार तारा

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी ज्या वाद्याबद्दल बोलणार आहे, त्याचा सगळ्यात खालचा सूर तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या रेडिओतून येऊच शकणार नाही. बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की ती सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते. हातात मावणाऱ्या रेडिओचा किंवा मोबाइलचा स्पीकर एवढा खाली उतरत नाही. तरीही गाणं ऐकताना खाली काहीतरी वाजतंय असं आपल्याला जाणवतं. त्या स्वराचे दुप्पट, तिप्पट कंपनांचे वरचे अंश स्पीकरमधून येतात आणि त्यावरून खालचा सूर आपला मेंदू भरून काढतो. मला हे फार विलक्षण वाटतं. जो सूर कानापर्यंत पोचलेलाच नाही, तोही आपण ऐकतो, इतकी गाण्याला त्याची गरज असते.

मी कोथरूडला राहते. दिवसा एका सहकारी बँकेत नोकरी, आणि आठवड्यातून एकदा, जमलं तर दोनदा, एका हौशी बँडमध्ये बेस वाजवते. आमच्या ड्रमरचं वारज्याला गॅरेज आहे, गायिका फिजिओथेरपिस्ट आहे, कीबोर्डवाला भोसरीच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आणि गिटारवाला कॉलेजात शिकवतो. आम्ही स्वतःची गाणी करत नाही. लोकांना पाठ असलेली वाजवतो. पंचमदांची, रहमानची, अजय-अतुलची, शिवाय थोडी जुनी इंग्रजी. कार्यक्रम म्हणाल तर सोसायट्यांचे गणपती, कोजागरी, माजी विद्यार्थ्यांचे मेळावे, आणि अधूनमधून बाणेर किंवा कोरेगाव पार्कातला एखादा कॅफे.

‘दुसऱ्यांचीच गाणी वाजवता होय?’ असं लोक विचारतात. सवाई गंधर्व महोत्सवात ‘ही बंदिश तुमची स्वतःची का?’ असं गायकाला कोणी विचारत नाही. खयालात उपज, म्हणजे गाताना सुचलेली भर असते, ती गायकाची असते, हे मला मान्य आहे. आमचं काम निराळं. ऐकणाऱ्याच्या मनात ते गाणं वीस-तीस वर्षं जसं बसलंय, तसं ते त्याच्यासमोर उभं करायचं. चाल आणि शब्द त्याला पाठ असतात. बेस पाठ नसतो. पण तो चुकीचा वाजला की ‘आज काहीतरी मजा नाही आली’ एवढं त्याला नक्की कळतं.

म्हणून बेस बसवणं हे माझ्या हौसेतलं सगळ्यात मोठं काम आहे, आणि सगळ्यात आवडतंही. जुन्या हिंदी गाण्यांचा बेस लिहिलेला सहसा कुठे मिळत नाही. हेडफोन लावायचे, गाण्याची गती कमी करायची आणि दोन-दोन ओळी पुन्हा पुन्हा ऐकायच्या. आधी आवाज इतर वाद्यांत मिसळलेला असतो, मग हळूहळू कान खाली उतरतो. ठेका केरवा, म्हणजे आठ मात्रांचा, असला की पहिल्या मात्रेवर मूळ स्वर आणि पाचव्या मात्रेवर त्याचा पंचम, एवढं आधी सापडतं. तेवढ्यावर गाणं चालतंसुद्धा, आणि कित्येक बँड तेवढ्यावरच थांबतात. माझ्या मते खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते.

एक उदाहरण देते. अंतऱ्यात एके ठिकाणी गिटार ‘सी’ची कॉर्ड वाजवत असते, म्हणजे आपल्या हार्मोनियमच्या भाषेत पांढरी एकचा सा, त्याचा गंधार आणि पंचम. बेसने सरळ सा धरला की ओळ तिथे पूर्ण झाल्यासारखी वाटते. पण मूळ ध्वनिमुद्रणातला वादक तिथे सा वाजवतच नाही, तो खाली गंधार धरतो. कॉर्ड तीच, गाणाऱ्याचा सूर तोच, शब्दही तेच, पण ओळ अधांतरी राहते. पुढच्या ओळीची ओढ लागते. मग धृपदाकडे परतताना तो सा देतो, आणि तो सा ऐकला की बरं वाटतं. आपण इतकी वर्षं म्हणत होतो, ‘हा अंतरा किती सुंदर आहे’, आणि त्या सौंदर्याचा मोठा वाटा त्या एका स्वराचा होता. असं काही सापडलं की मी रात्री अकरा वाजताही ड्रमरला फोन करते, आणि तोही उचलतो.

कोण होते हे वादक? पंचमदांच्या गाण्यांत बेस गिटार वाजवणाऱ्यांमध्ये टोनी वाझ हे नाव जाणकार आदराने घेतात. रहमानच्या गाण्यांमध्ये कीथ पीटर्स यांचा बेस आपण सगळ्यांनी ऐकलाय. पण जुन्या रेकॉर्डच्या वेष्टणावर गायक, संगीतकार, गीतकार आणि चित्रपट यांची नावं मिळायची. वादकांची क्वचितच. अमेरिकेतही वेगळं नव्हतं. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या साठच्या दशकातल्या गाजलेल्या गाण्यांवर जेम्स जेमरसन यांचा बेस आहे. नुसत्या तर्जनीने वाजवायचे ते, मधलं बोट न वापरता. जगभरातले बेसवादक आजही त्यांच्या जागा घोटतात. पण कंपनीने वादकांची नावं छापायला सुरुवात केली ती १९७१ मध्ये. तोपर्यंत जेमरसन कोण हे ऐकणाऱ्यांना माहीत नव्हतं. १९८३ साली ते गेले, आणि रॉक अँड रोलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं नाव लागलं ते २००० साली. मला याचं मनापासून वाईट वाटतं. त्यामुळे कार्यक्रमात आमची गायिका गाण्याची माहिती सांगते तेव्हा संगीतकाराच्या नावाबरोबर वादकाचं नाव खात्रीने ठाऊक असलं तर तेही सांगायचं, असा नियम आम्ही केलाय. त्यासाठी निवेदन थोडं लांबलं तरी चालेल.

आणखी एक नाव मला घ्यायचंय, कॅरोल के. या बाई लॉस एंजेलिसमध्ये स्टुडिओत गिटार वाजवत असत. १९६३ साली एका ध्वनिमुद्रणाला बेसवादक आलाच नाही, तेव्हा त्यांनी बेस हातात घेतला आणि पुढे शेकडो गाण्यांवर वाजवला. आणि आजही कार्यक्रमाच्या ठिकाणी मी पाठीवर वाद्य घेऊन पोचते, तेव्हा कुणीतरी हमखास विचारतं, ‘मॅडम, तुम्ही गायिका ना?’ मी बेस वाजवते म्हटलं की एक क्षण शांतता. आता मोहिनी डे या मुंबईच्या तरुण वादक जगभर वाजवतायत, त्यामुळे निदान नव्या मुलींना तरी हा प्रश्न कमी ऐकावा लागेल अशी आशा आहे.

वाद्याबद्दल थोडं. आधी हे काम डबल बेस करायचा, माणसाहून उंच, उभ्याने वाजवायचा. आपल्या जुन्या चित्रपटांच्या वाद्यवृंदांतही तो असे. १९५१ मध्ये लिओ फेंडर यांनी मानेवर पडदे, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या असलेला, गळ्यात अडकवता येणारा विजेवरचा बेस बाजारात आणला. पडद्यांमुळे सूर नेमका लागतो म्हणून त्याचं नाव प्रिसिजन. तार जिथून जिथपर्यंत कंप पावते, ती लांबी ३४ इंच, आणि आजही बहुतेक बेस याच मापाचे असतात. साध्या गिटारची तार साडेपंचविसाच्या आसपास. हा फरक डाव्या हाताला पहिल्या महिन्यात चांगलाच कळतो. बोटांना आधी फोड येतात, मग घट्टे पडतात.

आता पट्टीबद्दल. हौशी बेसवादकाचं निम्मं आयुष्य यात जातं आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. आमची गायिका शास्त्रीय शिकलेली, ती सांगते ‘काळी चार’. गिटारवाला विचारतो, ‘म्हणजे जी शार्प ना?’ ही भाषांतरं आता आम्हाला पाठ झालीत. खरी अडचण येते ती कार्यक्रमाच्या दिवशी. समजा, गाणं पांढरी तीनमध्ये बसवलंय, म्हणजे ‘ई’मध्ये. बेसची सगळ्यात खालची तार नेमकी तीच, मोकळी, दणदणीत. धृपद सुरू होताना ती मोकळी तार छेडली की अख्खा मंडप भरतो. आणि संध्याकाळी गायिका म्हणते, ‘घसा बसलाय गं, आज अर्धा सूर खाली घेऊ या.’ गिटारवाला पडदा बदलतो, कीबोर्डवाला एक बटण दाबतो. माझ्याकडे मात्र त्या सुराखाली जागाच नाही. ‘ई’च्या खाली चार तारांच्या बेसमध्ये काहीच नसतं.

मग सप्तक बदलून वरचा सूर वाजवायचा, म्हणजे गाणं पोकळ वाटणार. किंवा चारही तारा अर्ध्या सुराने उतरवायच्या, म्हणजे पुढच्या गाण्याआधी परत चढवायच्या, आणि लोक समोर बसलेत. शेवटी मी पाच तारांचा बेस घेतला. त्याची खालची तार सेकंदाला सुमारे ३१ कंपनांवर लावतात आणि तिच्या चौथ्या पडद्यावर काळी दोन मिळते. वाद्याची मान रुंद होते, मनगटाला नवी सवय लावावी लागते, पण गायिकेच्या घशाला आता माझ्याकडून ‘नाही’ ऐकावं लागत नाही. गाणाऱ्याला सोयीची पट्टी मिळालीच पाहिजे, यात माझं दुमत नाही. हौशी बँडमध्ये गाणारी माणसं दिवसभर नोकरी करून येतात, त्यांच्या आवाजाला मूळ गाण्याच्या पट्टीत कोंबणं हा अन्याय आहे.

सराव घरी करते तो हेडफोन लावूनच. खालचे सूर भिंतींतून आरपार जातात. वरच्या मजल्यावरच्या काकूंना गाणं ऐकू जात नाही, नुसती धडधड जाते, आणि ती कुणालाही नकोशी वाटेल. सगळे मिळून वाजवतो ते तासाच्या भाड्याने घेतलेल्या जॅमरूममध्ये. तिथे मी आणि ड्रमर अर्धा तास आधी जातो. त्याच्या पायाखालचा किक ड्रम आणि माझी तार एकाच क्षणी वाजली पाहिजे. आणि माझा सूर थांबायचा कुठे हेही ठरलेलं पाहिजे. सूर सुरू करणं सोपं असतं. तळहाताने तार दाबून तो बरोबर मात्रेवर बंद करणं, हे शिकायला मला कितीतरी जास्त वेळ लागला. ड्रमर गणपतीत ढोल पथकात वाजवतो. पावसाळ्यात त्यांचा नदीकाठी सराव सुरू झाला की आमच्या तालमी कमी होतात, पण परत येतो तेव्हा त्याची लय अशी काही पक्की झालेली असते की मी तक्रार करत नाही.

गणपतीतला एक कार्यक्रम सांगते, सोसायटीच्या क्लबहाउसमधला. बाहेर पाऊस. मी स्कूटरवर, पाठीला जवळजवळ चार फुटांचं वाद्य, त्यावर मोठं प्लास्टिक गुंडाळून सुतळीने बांधलेलं, नळ स्टॉपच्या सिग्नलला उभी. पोचले तर जॅकपाशी केबल खरखरतेय. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणलेले दोन जॅक आणि सोल्डरिंग आयर्न ड्रमरच्या पेटीत कायम असतात, त्याने पाच मिनिटांत नवा जॅक लावून दिला. मग मी वाजवत असताना साउंडवाल्या दादांना म्हटलं, जरा हॉलभर फिरून ऐका. खालच्या ‘ई’ची लाट आठ मीटरहून लांब असते, त्यामुळे बंद खोलीत ती कोपऱ्यांत साठते आणि मध्येच कुठेतरी गायब होते. दादा मधल्या रांगेत थांबले आणि म्हणाले, ‘ताई, इथे तुम्ही नाहीच.’ कोपऱ्यात गेले तर तिथे नुसतं घुमत होतं. स्पीकर भिंतीपासून पुढे ओढले, माझा आवाज थोडा कमी केला, तेव्हा कुठे मधल्या रांगेला बेस मिळाला. पहिल्या रांगेत आजी-आजोबा बसतात, त्यांच्या छातीवर आदळेल एवढा आवाज मी कधीच ठेवू देत नाही.

दहा वाजता स्पीकर बंद, हा कायदा आहे. गणपतीतल्या ठरावीक दिवशी बारापर्यंत सूट मिळते, तो दिवस त्यातला नव्हता. त्यामुळे शेवटचं गाणं पावणेदहाला सुरू केलं. माणसं उठून नाचू लागली, लहान मुलं स्टेजपाशी आली. त्यांतली एक मुलगी, सात-आठ वर्षांची असेल, नाचत नव्हती. ती माझ्या डाव्या हाताकडे बघत होती. गाणं संपल्यावर तिने विचारलं, ‘हे तुमचं कुठलं वाजतं?’ मी तिचा हात वाद्याच्या लाकडावर ठेवला आणि खालची तार छेडली. तिने हात काढला नाही, म्हणाली, ‘परत.’

तुमच्यापैकी कुणाला शिकावंसं वाटलं, तर सुरुवातीला मोठा अँप्लिफायर घेऊ नका. चार तारांचा साधा बेस, हेडफोनवर ऐकायची सोय आणि मेट्रोनोम, म्हणजे लयीची टिकटिक देणारं यंत्र, एवढं पुरे. वय आड येत नाही, मी स्वतः पस्तिशीनंतर सुरू केलं. तर्जनी आणि मधलं बोट आलटून पालटून चालवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. पहिलं गाणं दोन-तीन कॉर्डवर चालणारं, मध्यलयीतल्या केरव्याचं निवडा. आणि ते बसवण्याआधी, जो कोणी तुमच्याबरोबर गाणार असेल, त्याला त्याची पट्टी विचारा.

नमस्कार.