नुसतं खेळवतात, मग शिकवतात कधी?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखालच्या कमेंट वाचून काढल्या. निम्म्या लोकांचा प्रश्न एकच: "बालवर्गात नुसतं खेळवतात, वही कोरीच्या कोरी घरी येते. शिकवतात कधी?" एका ताईंनी तर लिहिलंय, "वाळूत खेळायला घरचं अंगण काय वाईट होतं?" ताई, अंगण आहे हे नशीब समजा.

मूळ गोष्ट झटपट सांगते, कारण ती तुम्हाला माहीत आहे. तीन ते सहा-सात वर्षांची मुलं हातानं आणि अंगानं शिकतात. हे आजचं फॅड नाही. फ्रोबेल नावाच्या शिक्षणतज्ज्ञानं १८३७ मध्ये जर्मनीत लहान मुलांसाठी शाळा काढली तेव्हा त्यांच्या हातात लोकरीचे चेंडू आणि लाकडी ठोकळे दिले. माँटेसरीबाईंचं पहिलं बालगृह १९०७ मध्ये रोममध्ये सुरू झालं. म्हणून वर्गात कोपरे असतात: ठोकळ्यांचा, पाण्या-वाळूचा, खोट्या-खोट्या दुकानाचा, पुस्तकांचा. पाण्याच्या टबात उंच-बारीक आणि बुटकी-रुंद भांडी कुणी उगाच टाकलेली नसतात; भांडं बदललं तरी पाणी तेवढंच राहतं, हे मुलांना ओतून-ओतून कळावं म्हणून असतात. चला, झालं.

आता खरी अवघड गोष्ट. मूल खेळत असताना मोठ्या माणसानं तोंड कधी उघडायचं?

मी बालवर्गात शिकवायला नवीन होते तेव्हाची गोष्ट. एक मुलगा ठोकळ्यांचा पूल करत होता. दोन खांब, वर आडवी फळी. फळी आखूड, खांब एकमेकांपासून लांब, त्यामुळे पूल सारखा कोसळायचा. मी उत्साहानं जाऊन शेजारी बसले. "हा कुठला रंग?" निळा. "हे किती?" चार. "आणि या ठोकळ्याचा आकार?" तो उठला आणि पाण्याच्या टबाकडे निघून गेला. आमच्या वर्गातल्या जुन्या बाई लांबून बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, निळा त्यालाही येतो आणि तुलाही येतो. विचारलंस कशाला?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

हेच दुसऱ्या बाजूनं बघा. मेरी बड रो नावाच्या संशोधिकेनं वर्गांमधली रेकॉर्डिंग ऐकून मोजलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती वेळ थांबतात. साधारण एक सेकंद! तेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं, तर मुलांची उत्तरं लांबली आणि गप्प बसणारी मुलंही बोलायला लागली. तीन सेकंद म्हणजे काय ते आत्ता बघा. एक... दोन... तीन. जड गेलं ना? मी वर्गात अजूनही मनात आकडे मोजते.

आणि घरी? घरी तर विचारूच नका. पोर गाडी ढकलतंय आणि आपण मागून, "चाकं किती? रंग कोणता? मोठी कुठली?" अहो, तुम्ही स्वयंपाकघरात असताना कुणी मागे उभं राहून "हे भांडं गोल आहे की चौकोनी?" विचारलं तर? प्रश्नाऐवजी दिसतंय ते बोला. "हं, पुन्हा पडला." एवढंच, आणि मग गप्प.

इथे एक दादा लगेच लिहिणार: "म्हणजे मुलांना मोकाट सोडायचं?" नाही हो दादा! १९७६ मध्ये वुड, ब्रूनर आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी तुकड्यांचा पिरॅमिड रचायला दिला आणि शिकवणारी कशी मदत करते ते नोंदवलं. मूल अडखळलं की मदत वाढवायची, जमायला लागलं की हात मागे घ्यायचा. त्यांनी याला इमारतीच्या परांचीची उपमा दिली. भिंत उभी राहिली की परांची काढतात. आपण काय करतो? भिंत उभी राहिली तरी परांचीवर चढून बसतो.

"माझी लेक शंभरपर्यंत म्हणते, तरी बाई म्हणतात संख्या पक्की नाही," अशीही कमेंट आहे. तिला सांगा, पाच बटणं दे. मूठभर हातात आली तर समजा, शंभरपर्यंतचे अंक तिला गाण्यासारखे पाठ आहेत. मोजताना शेवटी आलेला आकडा म्हणजेच "एकूण किती", हे कळणं वेगळं. ते खोट्या दुकानात दिसतं, चार गिऱ्हाइकांना चार पिशव्या देताना. कोऱ्या वहीत दिसत नाही आणि भरलेल्या वहीतही नाही.

कारण वही असते, पण ती बाईंकडे असते! कोण कुठे अडकलं, कुणी आज पहिल्यांदा दुसऱ्याला ठोकळा दिला, हे त्या तिथे टिपतात. त्यामुळे पालकसभेत "काय शिकवलं?" असं विचारू नका. "सध्या हा कशात रमतो आणि कुठे अडकतो?" असं विचारा. चांगल्या बाई पाच मिनिटं न थांबता सांगतील. आणि त्यांना एक वाक्यही सांगता आलं नाही, तर मात्र तुमची तक्रार खरी आहे. तिथे खरंच नुसतं खेळवतायत. खेळणी मांडून मोबाईल बघत बसणं म्हणजे खेळातून शिक्षण नव्हे, हे मी माझ्याच पेशातल्या लोकांना सांगतेय.

पेन्सिल कितव्या वर्षी द्यायची, हे पुढच्या व्हिडिओत. त्याच्या कमेंट मी अजून वाचल्या नाहीयेत, पण चिडून मात्र झालंय.