खोडदला ऐकू आलेला मंगळ

(दृश्य: पहाट. जाळीचं क्लोज-अप, तारांवर दव.)

ही तार बघा. जाडी 0.55 मिलिमीटर. स्टेनलेस स्टीलच्या अशा तारांची ही जाळी. मधल्या भागात तिची भोकं एक सेंटिमीटरची आहेत, काठाकडे जावं तशी दोन सेंटिमीटरपर्यंत मोठी होतात. खाली उभं राहून वर पाहिलं तर आरपार आभाळ दिसतं.

(कॅमेरा हळूहळू मागे. पूर्ण डिश दिसू लागते.)

आणि ही त्या जाळीची डिश. व्यास 45 मीटर. जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या खोडदला अशा 30 डिश आहेत. सगळ्या मिळून एकच दुर्बीण, जीएमआरटी. आभाळातून येणाऱ्या रेडिओ लहरी ऐकणारी. 14 इथं आवारात जवळजवळ, बाकीच्या 16 तीन दिशांना, शिवाराशिवारांतून. एका टोकाच्या डिशपासून दुसऱ्या टोकाच्या डिशपर्यंतचं अंतर 25 किलोमीटरच्या आसपास भरतं.

जाळीपाशी अजून थोडं थांबू. कारण एवढी मोठी डिश आपल्याकडे, आपल्या पैशांत उभी राहिली ती या जाळीमुळे.

चाळणीतून पीठ खाली पडतं, शेंगदाणे वर राहतात. रेडिओ लहरींचंही काहीसं तसंच. लहर पाऊण मीटर लांबीची असेल तर एक-दोन सेंटिमीटरची भोकं तिच्या खिजगणतीतही नसतात. सलग पत्र्यावरून परतावी तशी ती जाळीवरून परतते आणि वर टांगलेल्या अँटेनाकडे जाते. वारा मात्र भोकांतून निघून जातो. वाऱ्याचा रेटा कमी, म्हणून लोखंड कमी. लोखंड कमी, म्हणून खर्च कमी.

(दृश्य: डिशची मागची बाजू. कमानी, वायर रोप, ताण देणारे स्क्रू.)

मागून बघा. मधल्या चक्रापासून काठापर्यंत 16 कमानी. त्यांच्यामध्ये स्टीलचे दोर ताणलेले. बाज विणताना दोर खेचून घेतात, तसे हे खेचलेत. या दोरांवर जाळी बसवली आहे, आणि ताण जागच्या जागी कमी-जास्त करून तिला हवा तो खोलगट आकार दिला आहे. ही कल्पना प्राध्यापक गोविंद स्वरूप यांची. 1965 मध्ये त्यांनीच कल्याणला ऑस्ट्रेलियातून आलेल्या लहान डिश मांडून आपल्याकडच्या रेडिओ खगोलशास्त्राची सुरुवात केली. मग उटीची दुर्बीण झाली, आणि नंतर खोडद. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातल्या केंद्राची माणसं आज ही दुर्बीण चालवतात.

(दृश्य: डिश वळते. मोटरचा आवाज. निवेदन नाही.)

खोडदची डिश फक्त ऐकते. अंतराळयानाला आज्ञा पाठवायची तर प्रक्षेपक, म्हणजे लहरी पाठवणारं यंत्र, लागतो, आणि इस्रोचा तो बंगळुरूजवळ ब्याललूला आहे. तिथली 32 मीटरची डिश सलग पत्र्यांची, कारण तिच्या लहरी काही सेंटिमीटरच्याच. नासाच्या गोल्डस्टोन, माद्रिद आणि कॅनबेराच्या डिशही अशाच आखूड लहरींसाठी बांधलेल्या.

मग एका मंगळयानासाठी खोडदची आठवण का झाली?

(दृश्य: नकाशा, पृथ्वी आणि मंगळ.)

19 ऑक्टोबर 2016. युरोपचं स्कियापारेली हे यान मंगळावर उतरणार होतं. उतरताना ते बोलणार होतं मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांशी. म्हणून त्याचा प्रक्षेपक लहानसा, आणि वारंवारता 400 मेगाहर्ट्झच्या आसपास. म्हणजे लहर पाऊण मीटरची. हा आवाज थेट पृथ्वीवर ऐकायचा तर या लांबीच्या लहरींसाठीच घडवलेला, आणि आकाराने अवाढव्य असा कान हवा. तो खोडदला होता. शिवाय त्या संध्याकाळी मंगळ आपल्याच आकाशात होता.

अंतर 17 कोटी 60 लाख किलोमीटरच्या आसपास. तिथून निघालेली लहर इथं यायला जवळपास दहा मिनिटं. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीचे तज्ज्ञ सोबतीला होते. डिश मंगळाकडे वळल्या. प्रत्येक डिशला तीच लहर किंचित वेगळ्या क्षणी मिळते. तो फरक मोजून काढायचा, सगळ्या लहरी एका तालात आणायच्या आणि मग त्यांची बेरीज करायची. वारीत टाळ हजार असतात, पण ऐकू येतो एकच ठेका. इथंही सगळं त्या ठेक्यावरच.

(दृश्य: पडद्यावर वारंवारतेची रेघ, ग्राफिक.)

आणि सिग्नल मिळाला. एक बारीक रेघ. तिच्यात शब्द नाहीत, चित्र नाही. पण रेल्वेची शिट्टी जवळ येताना आणि लांब जाताना बदलते, तशी यानाचा वेग बदलला की ही रेघ सरकते. यान वातावरणात शिरलं, वेग उतरत गेला, 12 मीटरची हवाई छत्री उघडली. खोडदला बसलेली माणसं रेघेवरून हे वाचत होती.

ठरलेल्या वेळेच्या थोडं आधी रेघ थांबली.

(चार सेकंद शांतता.)

यान आदळलं होतं. फिरण्याचा वेग मोजणाऱ्या उपकरणाने सुमारे सेकंदभर चुकीचं सांगितलं, संगणकाला वाटलं आपण जमिनीवर पोचलोय. इंजिनं तीन सेकंदांतच बंद झाली.

(दृश्य: खोडदचं फाटक. मोबाईल बंद करणारे पाहुणे.)

इथं आलात की मोबाईल बंद करावा लागतो. ही शिस्त उगाच नाही. इतक्या क्षीण लहरीपुढे आपला मोबाईल म्हणजे कानाशी वाजणारा ढोल. विजेच्या तारेवरची ठिणगीसुद्धा इथं ऐकू येते. सभोवतालच्या डोंगरांनी शहरांचा गोंगाट अडवला, म्हणून ही जागा निवडली. ती शांतता टिकवणं डोंगरांच्या हातात नाही, आपल्या हातात आहे. पुणे-नाशिक रेल्वेच्या मार्गाचा प्रश्न निघाला तेव्हा यावर पुष्कळ चर्चा झाली. इथल्या लोकांना रेल्वे हवी आहे, आणि त्यांचं म्हणणंही खरं आहे. पण रूळ थोडे बाजूने नेता येतात. 30 डिश उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत.

(दृश्य: 28 फेब्रुवारी, विज्ञान दिन. शाळेच्या गाड्या, मुलांची रांग.)

दरवर्षी विज्ञान दिनाला हे आवार सगळ्यांसाठी उघडतं. गावोगावच्या शाळांची मुलं येतात.

(दृश्य: एक मुलगी डिशखाली उभी राहून वर बघते. बराच वेळ. निवेदन नाही.)

संध्याकाळी वारा वाढला. वाऱ्याचा जोर ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की काम थांबवून डिश सरळ वर करून ठेवतात. आवारातल्या डिश आता एकेक करून आभाळाकडे तोंड करतायत.

(दृश्य: शेवटची डिश वर येऊन थांबते. वाऱ्याचा आवाज.)