पत्राला उत्तर कुणाला येतं

(सातारा येथे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, संयोजकांनी विषय अवघड दिला आहे. प्राध्यापकांचे पूर्वग्रह. समोरच्या दोन रांगांत निम्मे प्राध्यापकच दिसतायत, आणि माझंही आयुष्य त्याच नोकरीत गेलं. तेव्हा घरच्याच माणसांबद्दल बोलायचं आहे. रागवायचं असेल तर शेवटी रागवा, मध्ये उठून जाऊ नका.

एका पत्रापासून सुरुवात करते. अमेरिकेत कॅथरीन मिल्कमन, मोडुपे अकिनोला आणि डॉली चुघ या तिघींनी एक प्रयोग केला. २५९ विद्यापीठांतल्या साडेसहा हजारांहून अधिक प्राध्यापकांना त्यांनी ईमेल पाठवले. मजकूर सगळीकडे एकच. मला पीएचडी करायची आहे, तुमच्या संशोधनात रस आहे, अमुक दिवशी मी तुमच्या विद्यापीठात येणार आहे, दहा मिनिटं भेटता येईल का? बस, एवढंच. बदलत होतं ते फक्त खालचं नाव, ज्यावरून लिहिणारा कुठल्या वंशाचा आणि स्त्री की पुरुष याचा अंदाज यावा. ब्रॅड अँडरसन, लमार वॉशिंग्टन, मेई चेन, राज सिंग. आणि त्या यादीत एक नाव होतं, सोनाली देसाई. नावं सगळी बनावट, पण ही सोनाली ऐकल्यावर मला तर ती कराडच्या एसटीत माझ्या शेजारीच बसली आहे असं वाटलं.

निकाल काय लागला? गोऱ्या पुरुषाचं नाव असलेल्या पत्रांना जास्त उत्तरं आली आणि लवकर आली. स्त्रिया आणि बाकीच्या वंशांची नावं मागे पडली. जिथे पगार मोठे, त्या विषयांत हा फरक जास्त. सरकारी विद्यापीठांपेक्षा खासगी विद्यापीठांत जास्त. व्यवस्थापन शाखेत तर गोरे पुरुष एका बाजूला आणि उरलेले सगळे दुसऱ्या बाजूला, असं धरलं तर पंचवीस टक्क्यांच्या आसपास अंतर निघालं. ललित कलांच्या विभागांत मात्र उलटं चित्र होतं, तिथे स्त्रियांना आणि अल्पसंख्याकांना थोडं झुकतं माप मिळालं. मला या निकालात दोन गोष्टी विशेष वाटल्या. एक म्हणजे भारतीय आणि चिनी नावांना बसलेला फटका. आपल्याकडे समजूत अशी, की आपली मुलं हुशार म्हणून तिकडे प्रसिद्ध आहेत, त्यामुळे त्यांना दारं उघडीच असतात. ती समजूत या प्रयोगात टिकली नाही. दुसरी गोष्ट, ज्या विभागांत स्त्रिया आणि अल्पसंख्याक प्राध्यापक जास्त होते तिथेही परिस्थिती सुधारलेली नव्हती. स्त्री प्राध्यापकांनी सोनालीला जास्त उत्तरं दिली असं झालं नाही. आपलं माणूस वर बसलं की आपली कामं होतील हा हिशेब इथे चुकतो. अपवाद एकच निघाला, चिनी विद्यार्थ्यांनी चिनी प्राध्यापकांना लिहिलं तेव्हाचा.

पण या प्रयोगाचा खरा गाभा वेगळाच आहे. निम्म्या पत्रांत भेट आजच मागितली होती आणि निम्म्यांत आठवड्यानंतरची. आजची भेट मागितली तेव्हा, भेट द्यायची की नाही या बाबतीत फरक जवळपास नव्हता. आठवड्यानंतरची मागितली तेव्हा गोऱ्या पुरुषांना भेटीचा होकार सव्वीस टक्के जास्त वेळा मिळाला.

असं का व्हावं? आज कुणी दारात उभं राहिलं तर आपण घड्याळ बघतो. तासिका आहे का, मीटिंग आहे का? जमत असेल तर ये म्हणतो, नाहीतर नाही म्हणतो. पुढच्या आठवड्याचं विचारलं की घड्याळ बाजूला पडतं आणि आपण माणूस तोलायला लागतो. याच्यावर वेळ घालवावा का? हा पुढे जाईल का? आणि 'पुढे जाईल का' या प्रश्नाच्या उत्तरात आपलं सगळं बालपण, घर, शाळा, आपण पाहिलेले यशस्वी चेहरे येऊन बसतात. म्हणजे सवड काढून, नीट विचार करून निर्णय घेतला की पूर्वग्रह कमी होतो, असं आपण धरून चालतो. इथे तो विचार करतानाच आत शिरला.

यातल्या एकाही प्राध्यापकाला तुम्ही पकडू शकत नाही, हे लक्षात घ्या. खरंच कामात असेल बिचारा. ईमेल राहून गेला असेल. एकेकाचं बघितलं तर सगळे निर्दोष, साडेसहा हजारांचं एकत्र बघितलं की दोष दिसतो. शिवी दिली तर तक्रार करता येते. उत्तर न देण्याची तक्रार कुठे आणि कशी करणार?

आता इकडे या. आपल्याकडे ईमेल लांबच, मुलं सरांच्या केबिनबाहेर ताटकळतात. पीएचडीला गाइड, म्हणजे मार्गदर्शक, मिळणं हीच मोठी पायरी असते. 'जागा नाहीत' हे उत्तर एकाला पहिल्या दिवशी मिळतं, आणि दुसऱ्याला तेच सर 'बघू, पुढच्या महिन्यात ये' म्हणतात. आधी आडनाव विचारलं जातं. आडनावावरून अंदाज आला नाही तर 'मूळ गाव कुठलं?' गावावरूनही लागला नाही तर वडील काय करतात. मुलगी असेल तर 'लग्नाचं काय ठरलंय? मिस्टरांची हरकत नाही ना?' विचारणाऱ्याचा सूर प्रेमळ असतो, अगदी काकांसारखा. मुलाला 'मिसेसची हरकत नाही ना' असं विचारलेलं मी तरी कधी ऐकलं नाही.

पीएचडीच्या प्रवेशात लेखी परीक्षा आणि मुलाखत असं दोन्ही असतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०२२ च्या नियमांत प्रवेश परीक्षेला सत्तर आणि मुलाखतीला तीस टक्के वजन आहे. तोंडीचे असे गुण कुठे जातात यावर दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात त्याआधीच बरंच भांडण झालं होतं. २०१६ मध्ये तिथल्या प्रा. अब्दुल नाफे यांच्या समितीनं लेखी आणि तोंडी गुण शेजारी शेजारी मांडले, आणि सामाजिक गटांनुसार तोंडीच्या गुणांत भेदभावाचा नमुना दिसतो असं सांगितलं. तोंडीचं वजन तीसवरून पंधरावर आणा अशी शिफारस केली. गुणवत्तेचा मुद्दा काढणाऱ्या प्रत्येकाला मी हेच विचारते, कुठल्या कागदावरची गुणवत्ता? नाव झाकलेल्या की नाव दिसणाऱ्या?

वंशाचं म्हणाल, तर वंशभेद ही गोऱ्यांची भानगड, आपला काय संबंध, असं वाटण्याची शक्यता आहे. म्हणून इरावती कर्वे. त्यांचं लेखन तुम्ही वाचलेलं असेल, त्यांचा बर्लिनचा प्रबंध मात्र फारसा कुणाला माहीत नसतो. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला गेल्या. मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, त्या वेळचे नामवंत मानववंशशास्त्रज्ञ, कैसर विल्हेल्म संस्थेच्या मानववंशशास्त्र विभागाचे प्रमुख. पुढे १९३३ मध्ये नाझी राजवटीत ते बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले. त्यांनी इरावतीबाईंना विषय दिला कवटीचा. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतली विषमता मोजायची. मनात गृहीतक असं, की गोऱ्यांच्या कवट्यांत ती विषमता वेगळी निघेल, आणि तिचा संबंध त्यांच्या तर्कबुद्धीशी लावता येईल.

इरावतीबाईंनी मोजलं. एकेक कवटी हातात घेऊन मोजलं. त्यातल्या कितीतरी आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींतून आणलेल्या होत्या. त्या कशा आणल्या असतील ते सांगायला नको. आणि निष्कर्ष लिहिला, की विषमता सगळ्यांत आहे, वंशाशी तिचा संबंध नाही. परक्या देशातली एकटी विद्यार्थिनी, पदवी ज्याच्या सहीवर अवलंबून त्याच माणसाच्या सिद्धांताविरुद्ध आकडे टेबलावर ठेवते. फिशरनी गुण हात आखडून दिले, पण पदवी मिळाली.

एवढ्यावर थांबले तर तुम्ही टाळ्या वाजवाल, म्हणून पुढचंही सांगते. इथे परतल्यावर इरावतीबाईंनी महाराष्ट्रातल्या जातींची शरीरमापं घेण्याचं काम कित्येक वर्षं केलं. बर्लिनचा निष्कर्ष त्यांनी नाकारला, बर्लिनची मोजपट्टी टाकली नाही. आज त्या कामाबद्दल अभ्यासक बरेच प्रश्न विचारतात, आणि ते विचारलेच पाहिजेत.

दुसरं नाव जैवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी, तेव्हाच्या कमला भागवत. मुंबई विद्यापीठात पहिल्या आल्या आणि १९३३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक होते सी. व्ही. रामन. बाई म्हणून त्यांनी अर्ज नाकारला. या हटून बसल्या, तेव्हा एक वर्ष परीक्षेवर घेतलं. अट अशी, की त्यांच्यामुळे पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये. पुढे १९३९ मध्ये याच बाईंनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. गोऱ्या जगात स्वतःच्या हिमतीवर नोबेल मिळवलेला माणूस तीन वर्षांत दुसऱ्याच्या दारात आडवा उभा राहतो. आपण सोसलं म्हणून आपण आपोआप शहाणे होतो, असं काही नसतं.

आणि या गावात बोलताना आणखी एक सांगायला हवंच. इथल्या शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० ला भिवा रामजी आंबेडकर हे नाव लागलं, हे साताऱ्यातल्या पोरासोरांना पाठ आहे. शाळेत त्यांना वेगळं बसावं लागलं, तेही पाठ आहे. तोच मुलगा कोलंबियात शिकून १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाला, तेव्हा स्टाफरूममधल्या पाण्याच्या भांड्यावरून सहकारी प्राध्यापकांनी हरकत घेतली. शाळेतली पोरं अडाणी घरांतली होती असं एक वेळ म्हणाल. हे तर पदवीधर होते.

शिक्षणानं पूर्वग्रह जातो यावर माझा विश्वास नाही. शिक्षणानं तो नीटनेटका बोलायला शिकतो.

मग उपाय कशाचा लागू पडतो? कागद उघडे करण्याचा, असं मला वाटतं. स्वीडनचं उदाहरण मला फार आवडतं, कारण स्त्री-पुरुष समानतेत तो देश जगाला धडे देत होता. क्रिस्टीन वेनेरोस आणि आग्नेस वोल्ड या दोन संशोधिकांनी तिथल्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या १९९५ च्या शिष्यवृत्त्या तपासल्या. ११४ अर्ज, त्यात ६२ पुरुष आणि ५२ स्त्रिया. शिष्यवृत्त्या वीस, त्यातल्या सोळा पुरुषांना, चार स्त्रियांना. तज्ज्ञांनी दिलेले गुण गुप्त होते. परिषद देईना. या दोघी कायद्यानं भांडल्या आणि ते कागद सार्वजनिक असल्याचा निकाल मिळवला. १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये हिशेब छापला, की पुरुषाइतकेच गुण मिळवायला स्त्रीला सुमारे अडीच पट काम दाखवावं लागत होतं.

त्यातच आणखी एक गंमत निघाली. समितीतल्या कुणाशी अर्जदाराची ओळख असेल तर त्याचे गुण वाढत होते. आणि ओळखीनं मिळणारी वाढ ही पुरुष असण्यानं मिळणाऱ्या वाढीइतकीच होती, अगदी जवळपास. वशिला हे फक्त आपलंच वैशिष्ट्य आहे असं वाटत असेल तर जीव थंड करा. पण हिशेब बघा. स्त्री आणि बिनओळखीची, असं दोन्ही असेल तर तिनं काय करावं?

याच्या उलटही पुरावा आहे, तो लपवणार नाही. पण आधी याच बाजूचा एक ऐका. २०१२ मध्ये अमेरिकेत १२७ विज्ञान प्राध्यापकांना प्रयोगशाळा व्यवस्थापकाच्या जागेसाठी एकच अर्ज दाखवला, निम्म्यांना जॉनच्या नावानं, निम्म्यांना जेनिफरच्या. जॉन जास्त लायक ठरला, पगारही जास्त सुचवला गेला, आणि स्त्री प्राध्यापकही त्यात मागे नव्हत्या. पण २०१५ मध्ये विल्यम्स आणि सेसी यांच्या प्रयोगात सहायक प्राध्यापकाच्या जागेसाठी सारख्याच तोडीच्या उमेदवारांत स्त्रीला दुपटीनं पसंती मिळाली. या दोन्ही निकालांवरून वाद चालू आहेत. मला वाटतं, दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात. शिखराजवळ पोहोचलेल्या थोड्या स्त्रियांचं स्वागत होतं, कारण त्या सगळ्यांना दिसतात. पायथ्याशी उभी असलेली दिसत नाही, तिच्या पत्राला उत्तर येत नाही. आपली सोनाली पायथ्याशी आहे.

(व्याख्यानानंतर श्रोत्यांपैकी एका पालकांनी विचारलं, की मुलगी सध्या परदेशी प्राध्यापकांना पत्रं लिहिते आहे, तर तिनं काय काळजी घ्यावी. आणि इथल्या विद्यापीठात अन्याय होतो आहे असं वाटलं तर काय करावं?)

ताई, नाव बदलू नका. त्या प्रयोगातून काही घ्यायचंच असेल तर एवढं घ्या, की भेट किंवा कॉल लांबचा मागू नये. 'या सेमिस्टरमध्ये कधीतरी' असं लिहिण्यापेक्षा 'या गुरुवारी पंधरा मिनिटं' लिहावं. एका पत्रावर अवलंबून राहू नये, आणि उत्तर आलं नाही तर त्यात स्वतःची लायकी शोधत बसू नये.

इथल्या विद्यापीठाचं विचाराल तर रडत बसण्यापेक्षा स्वीडनच्या त्या दोघींसारखे कागद मागा. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. साधा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक. मागताना एक लक्षात ठेवा. 'अन्याय का झाला' असं विचारलंत तर ती माहितीच नाही म्हणून अर्ज परत येईल. विचारायचं असं: गेल्या पाच वर्षांत पीएचडी प्रवेशात प्रत्येक विषयात उमेदवारांना मिळालेले लेखी गुण आणि मुलाखतीचे गुण, वेगवेगळ्या रकान्यांत, प्रवर्गनिहाय आणि स्त्री-पुरुष असे. नावं मागू नका, वैयक्तिक माहिती म्हणून नाकारतील. नावांची गरजही नाही. रकाने समोर आले की ते घेऊन माझ्याकडे या, बेरजा आपण मिळून करू.