फुगलेलं अंग आणि कोरड्या रक्तवाहिन्या

श्रोतेहो, नमस्कार. छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय असो की अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, आयसीयूच्या दाराशी एक वाक्य हमखास ऐकू येतं : "सिस्टर, आण्णा तर फुगत चाललेत, अन् तुमचं सलाईन चालूच!"

शंका रास्त आहे. पण जंतुसंसर्ग रक्तात पसरला की केशवाहिन्यांच्या भिंती गळक्या होतात. रक्तातलं पाणी आणि त्याला धरून ठेवणारं अल्ब्युमिन हे प्रथिन, दोन्ही बाहेर पाझरतात. बंधारा झिरपून रानात पाणी साचावं आणि तलाव मात्र रिता, तसं. अंग फुगलेलं, पण रक्तवाहिन्यांत टंचाई. रक्तदाब उतरतो, लघवी आटते. अशा वेळी सलाईन द्यावंच लागतं. मात्र ते जास्त झालं तर फुप्फुसात उतरतं आणि ऑक्सिजन कमी पडू लागतो. किती द्यायचं, थांबवून लघवी वाढवणारं इंजेक्शन कधी सुरू करायचं, हे डॉक्टर ठरवतात. पण कशाच्या जोरावर? सिस्टरनं लिहिलेल्या आकड्यांच्या.

दर तासाला लघवी मोजायची. साठ किलोच्या माणसाला तासाला निदान ३० मिलिलिटर तरी हवी. शक्य असेल तर रोज ठरल्या वेळी वजन. एका रात्रीत दोन किलो वाढले तर ते मांस नव्हे, दोन लिटर पाणी आहे. नडगीवर अंगठा काही सेकंद दाबून खड्डा पडतो का पाहायचं. साधारण २ मिलिमीटर खोल म्हणजे सुजेची पहिली पायरी, ८ म्हणजे चौथी. नवीन सिस्टर मुली इथं फसतात. आडव्या पडलेल्या माणसाचं पाणी पावलात नाही, कमरेखाली माकडहाडापाशी उतरतं. पाय पाहून 'सूज नाही' लिहिलं, आणि कुशीवर वळवल्यावर पाठ थुलथुलीत! म्हणून वळवून बघायचं. ती कातडी इतकी नाजूक होते की चिकटपट्टी ओढली तरी सोलते, आणि दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर तिथंच जखम होते.

आता तुमच्याकडून काय हवं ते सांगते. घोटभर पाणी चोरून पाजू नका. माया कळते हो, पण तो घोट चार्टवर येत नाही आणि सगळा हिशेब चुकतो. किडनी बिघडलेल्याला शहाळं तर नकोच. त्यातल्या पोटॅशियममुळे हृदयाचे ठोके बिघडू शकतात. एकच पाय सुजून दुखत असेल तर तेल लावून चोळू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते, ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

सोयाबीन काढणीच्या दिवसांत आणखी एक सूज येते, घोणस-फुरश्याच्या दंशाची. तिथं सिस्टर सुजेच्या कडेवर पेनानं रेघ ओढून वेळ लिहिते. पुढच्या वेळी रेघेच्या किती वर चढली, ते लगेच कळतं. दंशाच्या वर दोरी करकचून आवळू नका, थेट दवाखाना गाठा. निघतानाच जोडवी, पैंजण, पायातला काळा दोरा काढून टाका. सूज चढल्यावर ते कापूनच काढावे लागतात.