४८ तासांत शॉर्ट फिल्म: वेळ नक्की जातो कुठे?

नमस्कार मंडळी!

४८ तासांत फिल्म करायची स्पर्धा आहे असं धरा. शुक्रवार, संध्याकाळचे सात. तुमच्या टीमला एक प्रकार मिळतो: भयपट, विनोदी, सस्पेन्स, जे नशिबात असेल ते. सोबत एक पात्र, एक वस्तू आणि एक संवाद. रविवारी संध्याकाळी साडेसातच्या आत या सगळ्यासकट चार ते सात मिनिटांची फिल्म तयार करून द्यायची. लिहिणं, शूट, एडिट, म्युझिक, सगळं त्यातच उरकायचं. पात्र, वस्तू आणि संवाद त्या शहरातल्या सगळ्या टीमना सारखेच असतात, म्हणजे मागच्या वर्षी कॉलेजात केलेली फिल्म नवं नाव देऊन कोणी खपवू शकत नाही.

हा खेळ २००१ साली वॉशिंग्टन डीसीत ‘४८ अवर फिल्म प्रोजेक्ट’ या नावाने सुरू झाला, आणि पुढे मुंबईतही आला. आपल्याकडच्या ‘इंडिया फिल्म प्रोजेक्ट’ची सुरुवात २०११ची. त्यात तास ५०, आणि हौशी मंडळींसाठी आणि मोबाइलवर शूट करणाऱ्यांसाठी वेगळे गट. स्पर्धा बदलली की नियम बदलतात, त्यामुळे रूलबुक टीममधल्या किमान दोघांनी नीट वाचायचं. एकाने वाचलं की तो ‘मला वाटतं चालतं’ असं म्हणतो. दोघांनी वाचलं की भांडण होतं, आणि मग खरा नियम कळतो.

मी ठाण्याची, आमच्या ग्रुपमध्ये एडिटिंग करते. म्हणजे शनिवारी रात्री सगळे जण ‘भारी झालं यार’ म्हणत घरी जातात आणि नेमकं काय झालंय ते मला एकटीला दिसतं. तर आजचा व्हिडिओ एडिटिंग टेबलवरून आहे असं समजा.

माझं म्हणणं एकच आहे. ४८ तास कमी नसतात. पाच मिनिटांची फिल्म एका दिवसात आरामात शूट होते आणि एका दिवसात एडिट होते. वेळ खातं ते ‘काय करूया?’ आपण मित्रमित्र मिळून टीम करतो, त्यामुळे कोणाला वाईट वाटू नये म्हणून कोणीच नाही म्हणत नाही. एकांकिका केलेल्या ग्रुपना हे जास्त जड जातं. तिथे दोन-दोन महिने तालमी चालतात, प्रत्येकाचं ऐकून घ्यायला वेळ असतो, आणि ते ऐकून घेण्यानेच एकांकिका चांगली होते. इथे शुक्रवारी रात्री अकरापर्यंत सात जणांच्या सात कथा ऐकत बसलात की पुढचं सगळं गडगडलंच.

म्हणून गुरुवारीच तीन नावं ठरवा. कथेत शेवटचा शब्द कोणाचा, सेटवर कोणाचा, एडिटमध्ये कोणाचा. तिन्हीकडे एकच माणूस असला तरी हरकत नाही, पण मग तो ॲक्टिंग करणार नाही.

[स्क्रीनवर: ‘आहे’ची यादी]

स्पर्धेआधी कथा लिहायची नसते, पण कलाकार ठरवणं, कॅमेरा-माइक जमवणं, जागा बघून ठेवणं याला सहसा हरकत नसते. यातून निघते ती ‘आहे’ची यादी. आपल्याकडे काय हवं असं मी म्हणत नाहीये, काय आहे ते लिहा. कोणाच्या तरी आजीचं नौपाड्यातलं जुनं घर, बिल्डिंग पुनर्विकासाला गेलीय, निम्मे लोक बाहेर पडलेत, आजी अजून तिथेच. राज्य नाट्य स्पर्धेत कामं केलेली एक मावशी. घोडबंदर रोडवरच्या सोसायटीची गच्ची, जिची किल्ली आपल्याच काकांकडे असते. एक मित्र, जो खरोखर रिक्षा चालवतो. बास, एवढ्यात फिल्म होते.

आता हे चालतं कसं ते करूनच बघू. समजा प्रकार मिळाला सस्पेन्स. पात्र: वीज मीटरचं रीडिंग घेणारा. वस्तू: स्टीलचा डबा. संवाद: ‘हे तुमचं नाही.’

पहिली दहा मिनिटं काय होतं सांगू? डब्यात पैसे. डब्यात पिस्तूल. डब्यात कापलेलं बोट. हे प्रत्येकाला सुचतं, आणि शहरातल्या बाकी सगळ्या टीमनाही हेच सुचतंय, कारण वस्तू तीच आहे! थिएटरमध्ये ओळीने फिल्म लागतात तेव्हा चौथ्या डब्यातून चौथं बोट निघालं की लोक हसायला लागतात. तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत आलेलं सगळं कागदावर लिहा आणि काट मारा.

मग यादीकडे बघा. आजीची रिकामी होत चाललेली बिल्डिंग. जिन्याखाली मीटरची पेटी. रीडिंगवाला येतो, पेटी उघडतो. सगळे मीटर मेलेले, कारण लोक निघून गेलेत. तिसऱ्या रांगेत एकाच मीटरवरचा लाल दिवा लुकलुकतोय. विजेचा वापर जितका जास्त, तितका तो दिवा भराभर लुकलुकतो, हे तुम्ही पाहिलं असेल. हळू लुकलुकतोय म्हणजे वर कुठेतरी एखादा पंखा चालू आहे. तो बघत असतानाच लुकलुक वाढते. कोणीतरी आणखी काहीतरी चालू केलं.

इथे सस्पेन्स तयार झाला. खर्च शून्य, आणि अजून एकही माणूस बोललेला नाही. तो वर जातो, मावशी दार उघडते. ‘देशपांड्यांचा डबा माझ्याकडे राहिलाय, खाली जाताय तर देऊन टाका.’ खाली कुलूप. तो परत येतो. ‘अहो, त्यांच्याकडे कोणी नाहीये. राहू दे तुमच्याकडेच.’ मावशी डबा घेत नाही. मग तो झाकण उघडायला जातो आणि मावशी तो संवाद म्हणते. डब्यात काय आहे ते दाखवायचं की नाही? इथे ज्याचा शेवटचा शब्द आहे त्याने बोलायचं आणि बाकीच्यांनी चहा टाकायला उठायचं. माझं मत विचाराल तर दाखवू नका, पण मी एडिटर आहे, मला कमी शॉट हवे असतात.

बघा, या कथेत दोन पात्रं, एक जिना, एक दार. साधारण एक पान म्हणजे पडद्यावर एक मिनिट हा हिशोब धरा. पाच पानांच्या पुढे गेलात तर रात्री दोन वाजता थांबून खोडायला सुरुवात करा. आणि दिलेला संवाद शब्दशः ठेवा. ‘हे तुमचं नाहीये’ असं सहज तोंडातून जातं, आणि एवढ्यावरून फिल्म बाद होऊ शकते. स्क्रिप्ट हातात घेतलेल्या एका माणसाने शूटवर फक्त हेच ऐकायचं.

जागांबद्दल पटकन. तलावपाळी सुंदर दिसते, पण शनिवारी संध्याकाळी ट्रायपॉड उघडून बघा, पाच मिनिटांत तुमच्यामागे वीस माणसं आणि त्यातले तिघे हात हलवणारे. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथे वन खात्याची परवानगी लागते, आणि हवाई दलाचं ठाणंही तिथेच आहे, तेव्हा ड्रोनचं नावच काढू नका. वाशी-बेलापूरच्या स्टेशनांचे भलेमोठे हॉल बघून हात शिवशिवतात, मला मान्य आहे, पण रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय कॅमेरा लावता येत नाही, आणि ती परवानगी शुक्रवारी रात्री कोणी देत नाही. स्वतःची सोसायटीसुद्धा गृहीत धरू नका. सेक्रेटरी काकांना गुरुवारी भेटून पत्रावर सही घ्या. तोंडी ‘करा की’ म्हणणारे काका शनिवारी दुपारी गावाला गेलेले असतात आणि वॉचमन तुम्हाला ओळखत नाही.

आता आवाज. इथे मी थोडी चिडून बोलणार आहे.

हौशी फिल्म चित्रामुळे पडत नाहीत. आजचा कुठलाही बरा फोन चांगलं चित्र देतो. थोडं हललेलं, थोडं अंधारलेलं चित्र प्रेक्षक चालवून घेतात. संवाद कळला नाही की पंधरा सेकंदांत ते फोन काढतात. कारण सोपं आहे: माइकपासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने पडतो, पण पंख्याची घरघर आणि रस्त्यावरचा हॉर्न आहे तिथेच राहतात. म्हणजे कॅमेऱ्यावरच्या माइकने आठ फुटांवरून घेतलेल्या संवादात माणूस कमी आणि खोलीच जास्त. यावर स्वस्तातला उपाय म्हणजे दुसरा फोन. त्यात रेकॉर्डर चालू करा, कॉलर माइक असेल तर लावा, नसेल तर तो फोनच शर्टाच्या खिशात किंवा फ्रेमच्या बाहेर तोंडापासून दीड फुटावर ठेवा. प्रत्येक टेकच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी. दोन्हीकडचं टाळीचं टोक जुळवलं की आवाज आणि चित्र जुळलं.

शूटच्या खोलीत पंखा बंद, एसी बंद, फ्रिज बंद. फ्रिज बंद केलात की गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा. साउंडवाल्यांची जुनी युक्ती आहे: किल्ली घ्यायला गेल्याशिवाय घरी जाता येत नाही, त्यामुळे फ्रिज परत चालू करायचा राहत नाही. आजीचं दूध नासलं तर पुढच्या वर्षी लोकेशन गेलं.

आणि रूम टोन. सीन संपला की कोणीही हलायचं नाही, कोणीही बोलायचं नाही, तीस सेकंद नुसती खोली रेकॉर्ड करायची. नौपाड्यातल्या त्या घरात काय ऐकू येतं? नळाचा थेंब, लांबून रिक्षा, खिडकीवर कावळा. मग वरच्या मजल्यावर कुकरची शिट्टी होते आणि सगळे फिसकन हसतात. पुन्हा घ्या. ही तीस सेकंदं म्हणजे माझं ठिगळाचं कापड. दोन टेकच्या मधला तुटलेला आवाज मी त्यानेच शिवते. ते नसलं तर प्रत्येक कटला आवाज धाडकन बदलतो आणि कान लगेच पकडतो.

नाटकातून आलेल्या कलाकारांना एक विनंती. गडकरी रंगायतनच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा तो आवाज घरी ठेवून या. माइक दीड फुटावर आहे. मावशी दारात कुजबुजली तरी पुरे.

कॅमेऱ्याचं एवढंच लक्षात ठेवा: आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी आणि जुन्या ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं, चित्रावर पट्टे सरकतात. फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, २५ आणि शटर १/५० सेकंद ठेवलं की पट्टे जातात. ‘ब्लॅकमॅजिक कॅमेरा’ हे ॲप फुकट आहे, त्यात हे सगळं लॉक करता येतं. सगळ्या फोनवर एकच सेटिंग. एक २५ वर आणि दुसरा ३० वर असला की रविवारी मी तुम्हाला फोन करून काय बोलेन ते इथे सांगता येणार नाही.

शनिवारी शूट संपण्याची वेळ सूर्य ठरवतो. हिवाळ्यात सहाच्या सुमारास उजेड गेला की बाहेरचे शॉट गेले. त्यामुळे बाहेरचं आधी, घरातलं नंतर. आणि सगळं संपायची वाट बघत कार्ड खिशात घेऊन फिरू नका. दुपारच्या जेवणाला एक जण स्कूटरवरून मला पहिलं कार्ड आणून देतो, मी दोन ठिकाणी कॉपी करते, आणि फिल्म जमा होईपर्यंत ते कार्ड कोणी फॉरमॅट करत नाही. संध्याकाळपर्यंत माझी पहिली तीन मिनिटं जोडून तयार असतात. काही शॉट हुकला असेल तर तेव्हाच कळतं, मावशी अजून साडीतच असते, जिना अजून आपलाच असतो. जेवणात मिसळ नको. कलाकारांना दुपारी ॲसिडिटी झालेली क्लोजअपमध्ये दिसते.

रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असतो, हे ठाणेकराला वेगळं सांगायला नको. तरी दर वेळी म्युझिकवाला डोंबिवलीहून ‘अकराला पोचतो’ म्हणतो. एक तर त्याला शनिवारी रात्रीच राहायला बोलवा, नाहीतर त्याला तिथूनच फाइल पाठवू दे. म्युझिक स्वतःचं हवं किंवा लेखी परवानगीचं. फिल्मी गाणं मागे लावून ‘कोण बघतंय’ म्हणू नका, परीक्षक बघतात.

दुपारी बाराला एडिट लॉक. लॉक म्हणजे लॉक, त्यानंतर दिग्दर्शकाला दोन फ्रेमही कमी करता येणार नाहीत. बारा ते चार आवाज आणि रंग. चारला एक्सपोर्ट. आता गणित बघा. पाच मिनिटांची फिल्म २० एमबीपीएसने (सेकंदाला २० मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाइट) एक्सपोर्ट केली की साधारण ७५० एमबीची फाइल होते. घरच्या नेटचा अपलोड स्पीड ५ एमबीपीएस असेल तर ती चढायला वीस मिनिटं, तेही नेट अजिबात अडखळलं नाही तर. जाहिरातीत सांगतात तो डाउनलोडचा स्पीड असतो, अपलोडचा गुरुवारीच तपासा. चढवण्याआधी फाइल शेवटपर्यंत बघा, आवाजासकट, एडिटिंग सॉफ्टवेअरच्या बाहेर. पूर्ण पाच मिनिटं, पुढे न ढकलता. उशिरा दिलेली फिल्म बऱ्याचदा दाखवतात, पण मुख्य बक्षिसाच्या शर्यतीत ती नसते.

रिलीज फॉर्म, म्हणजे फिल्ममध्ये वापरायला परवानगी दिल्याचा सही केलेला कागद, मात्र शूटच्या आधी भरून घ्या: प्रत्येक कलाकाराचा, म्युझिकवाल्याचा आणि ज्यांच्या घरात शूट केलं त्यांचा. आजींचासुद्धा. त्या आधी विचारतील, ‘घर लिहून तर घेत नाही ना रे?’ पुनर्विकासात इतक्या कागदांवर सह्या झाल्यात की हा प्रश्न अगदी रास्त आहे. शांतपणे वाचून दाखवा, मराठीत. साध्या मराठीतला नमुना मी खाली डिस्क्रिप्शनमध्ये टाकलाय. तुमच्या स्पर्धेचा स्वतःचा फॉर्म असेल तर सही त्यावर घ्या आणि माझा फक्त समजावून सांगायला वापरा.